बांधावरचं आवण

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास मला नववीच्या वर्गात इंग्रजीतले वाक्प्रचार शिकवावे लागतात. त्या यादीत 'हिज नेम इज मड' आला की माझा आवाज बसतो. मुलांना वाटतं, सरांना पावसाळी हवा बाधली. अर्थ अगदी सोपा आहे. एखाद्याचं नाव चिखल झालं म्हणजे त्याची पत गेली, चारचौघांत त्याला किंमत उरली नाही. मी फळ्यावर वाक्य लिहितो, खाली 'नावाला बट्टा लागणे' असं मराठीत लिहितो, मुलं उतरवून घेतात आणि तास संपतो.

कशेळ्याच्या अलीकडे एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. वर्गातली निम्मी मुलं भात लावणाऱ्या घरांतली आणि उरलेली डोंगरातल्या वाड्यांवरची. त्यांना चिखल वाईट असतो हे पटवायलाच पहिली काही वर्षं गेली. एका मुलीने वाक्यात उपयोग करताना लिहिलं होतं, 'माय फादर्स नेम इज मड बिकॉज ही वर्क्स व्हेरी हार्ड.' मी तिला शून्य दिलं आणि मग लाज वाटून ते खोडून अर्धा गुण दिला. तिचं काय चुकलं होतं? आमच्याकडे जुलैत ज्याच्या पोटऱ्यांना चिखल नाही त्यालाच लोक विचारतात, 'काय रं, आजारी हायस काय?' वर्तमानपत्रवाले निवडणुकीत 'चिखलफेक' म्हणतात ते त्यांचं. आमच्या गावात कुणाचं काही बिनसलं तर 'त्याचं नाव गेलं' एवढंच म्हणतात. चिखलाला त्यात कुणी ओढत नाही.

हा वाक्प्रचार आला कुठून, तर त्याची एक फक्कड गोष्ट आहे आणि मी ती वर्षानुवर्षं सांगितली. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाला नाटकाच्या थिएटरात गोळी घातली गेली. मारेकऱ्याने रंगमंचावर उडी टाकली, त्यात त्याचा पाय मोडला. पळता पळता तो पहाटे एका डॉक्टरच्या दारात गेला आणि डॉक्टरने पाय बांधून दिला. या डॉक्टरचं आडनाव नेमकं इंग्रजीतल्या चिखलासारखं होतं. त्याला कटात धरलं, जन्मठेप झाली, पुढे माफीही मिळाली, पण नाव गेलं ते गेलंच. घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या ते धुऊन काढायचा खटाटोप केला म्हणतात. तो निर्दोष होता की नव्हता, यावर विद्वान अजून भांडतात.

गोष्ट सांगून झाली की वर्ग गप्प व्हायचा आणि मला आपण मोठे शिक्षक आहोत असं वाटायचं. पुढे एका जाडजूड शब्दकोशात कळलं की ही व्युत्पत्ती खोटी आहे. त्या खुनाच्या चाळीसएक वर्षं आधीच हा प्रयोग छापलेला सापडतो. लंडनच्या रस्त्यावरच्या भाषेत मठ्ठ, कवडीमोल माणसाला 'मड' म्हणत, तिथून तो आला असावा. डॉक्टरचा त्याच्याशी काही संबंध नाही. तेव्हापासून मी वर्गात डॉक्टरची गोष्ट सांगतो आणि लगेच, ती खोटी आहे, हेही सांगतो. परीक्षेत सगळे डॉक्टरच लिहितात. एकदा चिडून विचारलं, तर एक पोरगा म्हणाला, 'सर, तीच लक्षात ऱ्हाते.'

हे सगळं मी काकांच्या प्रकरणाआधी शिकवत होतो. तेव्हा माझा आवाज बसत नव्हता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांची चार खाचरं, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, आमच्या शेताला लागून. आमची जमीन मी खंडाने देऊन टाकलेली. नोकरी लागल्यावर चिखलात उतरलोच नाही. काका मात्र सत्तरी ओलांडूनही जुलैभर चिखलात असायचे. पॉवर टिलर आला तरी खाचर सारखं करायला लोक त्यांनाच बोलवत. ते पाण्यात उभे राहत आणि पायाच्या बोटांनी सांगत, इथे चार बोटं उंच हाय, तिथली माती वढा. गावात सावड होती. सावड म्हणजे आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुमच्या. पाळ्या ठरवताना पहिलं नाव काकांचं घेत, कारण ते ज्या शेतात असत तिथलं काम दुपारीच आटपे.

मला ते कधी नावाने हाक मारत नसत. 'आमचा मास्तर' म्हणायचे. 'आमच्या मास्तरला इंग्रजी येतं, पन आवण उपटता येत नाय,' हे वाक्य त्यांनी गावजेवणात, लग्नात, एसटीच्या थांब्यावर, कुठे कुठे म्हणून ऐकवलं नसेल! आवण म्हणजे भाताची रोपं. राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यात, बी टाकून ती उगवून घ्यायची, वीतभर झाली की उपटून जुड्या बांधायच्या आणि खाचरात लावायच्या. मला खरोखरच उपटता येत नसे, मुळं तुटायची.

या आवणाची आमच्याकडे एक रीत आहे. ज्याची लावणी संपली, त्याच्याकडे उरलेल्या जुड्या त्याने रस्त्याकडेच्या बांधावर ठेवायच्या. ज्याला कमी पडलं असेल त्याने न्यायच्या. विचारायचं नाही, मोल द्यायचं नाही, आभारसुद्धा मानायचे नाहीत. मात्र ज्याची लावणी चालू आहे, त्याच्या बांधावरच्या जुड्यांना हात लावायचा नाही, त्या त्याच्या उद्याच्या कामाच्या असतात. पैसे चोरणारा तुमच्याकडे आहे ते नेतो. आवण चोरणारा पुढच्या वर्षभराचा भात नेतो, आणि आषाढ सरल्यावर बाजारात कुठे ते विकत मिळत नाही. म्हणून आमच्याकडे इतर कुठल्याही चोरीपेक्षा आवणाच्या चोरीवर लोक जास्त थुंकतात.

चार वर्षांपूर्वी काकांच्या राबाच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवाल्याने भराव टाकला. पावसाचं पाणी वळलं आणि मुरूम सगळा राबावर आला. निम्मी रोपं गाडली गेली. चारातल्या दोन खाचरांना आवण उरलं नाही. मी म्हटलं, कुणाकडे तरी मागू. ते म्हणाले, 'मागाया कशाला जायाचं? लोकांची लावनी उरकू दे. उरलं तर बांधावर येईलच.'

रस्त्याला लागून ज्यांचं मोठं शेत आहे त्यांना गावात सगळे दादा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण तापट. आमच्या शाळेच्या संस्थेवर ते होते, अजून आहेत. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी मोटारसायकलवरून घरी येत होतो, तर त्यांच्या शेताच्या वळणावर त्यांचा टेंपो समोर आला. टेंपोत डोंगरातल्या वाडीवरच्या बायका उभ्या होत्या, लावणीला आणलेल्या. सगळ्यांची तोंडं चिखलाने माखलेली आणि हसून हसून त्या वाकत होत्या. त्यांतल्या एकीने हातातला गोळा माझ्यावर फेकला, तो बाहीला लागला. मीही हसलो. आमच्याकडे लावणीची शेवटची जुडी लागली की एकमेकांना चिखल माखतात, मालकालाही सोडत नाहीत. त्या दिवशी माखलेलं तोंड घेऊन घरी जाणं हा मान. माखलेली तोंडं दिसली की न विचारता कळतं, त्या घरची लावणी आटोपली.

मी तडक काकांच्या दारात गाडी लावली. काकी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी बाही दाखवून म्हटलं, "काका, दादांकडची लावणी झाली. बघा, मलाही प्रसाद मिळाला."

काकी उठून ओल्या फडक्याने बाही पुसायला लागली. काका म्हणाले, "नक्की?"

"अहो, टेंपोभर बाया तोंडं माखून चालल्या होत्या."

"नक्की ना रं मास्तर?"

"नक्की," मी म्हटलं.

"मंग सकाळी आनतो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आठ दिवसांनी मोकळा झाला.

दादांची लावणी संपली नव्हती. त्या बायकांच्या वाडीवर दुसऱ्या दिवशी काही कार्य होतं, म्हणून त्या एक दिवस आधी निघाल्या होत्या आणि निघताना आपल्यापुरता खेळ करून घेतला होता. दोन खाचरं राहिली होती, ती दादांच्या घरचीच माणसं शनिवारी लावणार होती. त्यासाठीच्या जुड्या बांधावर काढून ठेवल्या होत्या. ही माहिती कुणालाही विचारली असती तर मिळाली असती. मी विचारलं नाही. मास्तर माणूस, मला सगळं कळलेलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा. सात वाजता निघालो, तर काका डोक्यावर जुड्यांचा भारा घेऊन बांधावरून येताना दिसले. मागे दादांच्या विहिरीवरची पंपाची खोली, त्यामागे ढगांत अर्धा बुडालेला डोंगर. मला फोटो काढायची आणि त्याखाली दोन ओळी खरडायची वाईट खोड आहे. गाडी थांबवून फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'उरलेलं आवण घेऊन निघालेले आमचे काका. वय सत्तरीपार, उत्साह विशीचा. ही आपली संस्कृती!'

दुसरा तास संपेपर्यंत खिशातला फोन थरथरून थकला. मधल्या सुट्टीत पाहिलं. दादांच्या मुलाने लिहिलं होतं, 'हे आवण उरलेलं नाही. आमची दोन खाचरं बाकी आहेत.' त्याखाली एकेकाचं सुरू. कुणी 'अरेरे', कुणी 'वयाचा तरी मान ठेवायचा', कुणी 'रंगे हाथ'. आणि एकाने नुसताच एक शब्द लिहिला होता, आवणचोर.

त्या वेळी मी जे केलं ते आठवलं की अजून स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते. मी तो फोटो पुसून टाकला. वाटलं, मूळच नाही तर झाड कसं वाढेल? पण फोटो तोवर दहा जणांनी उतरवून घेतला होता. पुसल्या गेल्या त्या फक्त माझ्या दोन ओळी, ज्यात 'उरलेलं' हा एक शब्द काकांच्या बाजूने बोलत होता. पाच मिनिटांत तोच फोटो परत ग्रुपवर आला, बिनओळींचा.

साडेअकराला शाळा सुटल्यावर गावात शिरलो तर काकांच्या बांधावर माणसं जमलेली. दादा मोठ्याने बोलत होते. काका गुडघाभर चिखलात उभे होते आणि त्यांच्या मागे एक खाचर लावून झालेलं, ओळीत, सरळ.

दादांनी विचारलं, "आमची लावनी संपली, असं तुमाला कुनी सांगितलं?"

मी त्यांच्यापासून पाच पावलांवर होतो. काकांनी दादांकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.

"कुनी नाय," ते म्हणाले. "मलाच वाटलं."

मग ते वाकले आणि सकाळपासून लावलेलं आवण उपटू लागले. कुणी म्हणालं, राहू द्या काका, झालं ते झालं. दादासुद्धा जरा वरमले. पण ते थांबले नाहीत. एकेक रोप उपटून, पाण्यात मुळं धुऊन, पुन्हा जुड्या बांधल्या आणि दोन खेपा करून डोक्यावरून दादांच्या बांधावर नेऊन ठेवल्या. सगळा गाव रस्त्यावरून बघत होता. ते परत जात असताना माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "चोरलं नसतं, तर परत कशापायी दिलं असतं?" आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी का बोललो नाही? उत्तर लांबलचक करण्यात अर्थ नाही. शाळेचे मुख्याध्यापक त्या महिन्यात निवृत्त होत होते आणि पुढचं नाव कुणाचं, हे संस्थेची बैठक ठरवणार होती. दादा त्या बैठकीत असणार होते. मी स्वतःला समजावलं की आठ दिवसांत हे विरेल, काका स्वतःच गप्प आहेत तर आपण कशाला आगीत तेल ओतावं. आठ दिवसांनी बैठक झाली. मी मुख्याध्यापक झालो. काकीच्या हातून काकांनी नारळ पाठवला. तो मी देवापुढे ठेवला आणि नंतर खोबरं खाल्लंही.

प्रकरण विरलं नाही. पुढच्या वर्षी सावडीच्या पाळ्या ठरल्या तेव्हा काकांचं नाव पहिलं नव्हतं, शेवटचंही नव्हतं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. 'यंदा जमायचं नाय काका, पोरगं सुट्टीवर नाय.' 'काका, आमचंच रखडलंय.' 'कर्जतला तारीख हाय हो.' सगळी कारणं सभ्य. आणि त्यांनाही कुणी आपल्या शेतात बोलावलं नाही, कारण ज्याला बोलवायचं त्याच्याकडे जावं लागतं. ज्या माणसाच्या बोटांना गावातल्या प्रत्येक खाचराचा उंचसखलपणा ठाऊक होता, तो जुलैभर आपल्या एका कोपऱ्यात बायकोबरोबर वाकलेला दिसायचा. चारातली दोनच खाचरं त्यांना झेपत. उरलेल्या दोन खाचरांत गवत माजलं.

मी म्हटलं, मजूर लावून देतो. ते म्हणाले, "भाड्याची मानसं नको रं. मानसं आपल्या पायानं यावी." एका रविवारी मी पँट दुमडून गेलो, तर म्हणाले, "तू जा घरला. लोक बघतील." मी गेलो. जायला सांगितलं म्हणून गेलो, असं मी मनाशी म्हणालो, पण खरं म्हणजे सुटलो म्हणून गेलो.

ते एसटीच्या थांब्यावर बसेनासे झाले. कशेळ्याच्या बाजाराला सगळे जीपने जात, तर हे तासभर आधी निघून चालत जात. दर जुलैत कुणाच्या चार जुड्या इकडच्या तिकडे झाल्या की ग्रुपवर कुणीतरी तोच फोटो टाकायचं, खाली हसण्याच्या खुणा. फोटो माझाच होता. डोंगर काय सुंदर आला होता त्यात! आजी म्हणायची, बुंदसे गयी वो हौदसे नहीं आती. इथे तर हौद भरायला कुणी उठतच नव्हतं, आणि ज्याने उठायचं तो रोज प्रार्थनेच्या वेळी मुलांना 'नेहमी खरे बोलावे' सांगत होता.

गेल्या माघात काका कर्जतच्या दवाखान्यात होते. छाती भरली होती. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो, आज बोलायचंच असं ठरवून. त्यांनी विचारलं, "शाळा कशी हाय?" मी म्हटलं, "चांगली आहे." ते म्हणाले, "बेस." तिसऱ्या दिवशी ते गेले.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर मांडव घालतात, बुवांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. गावातलं कुणीही गेलं की श्रद्धांजली मीच वाहतो. मला ती पाठ झालीय. 'अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांशी प्रेमाने वागणारे.' नावं बदलतात. त्या दिवशी माइक हातात आला आणि मी ते काही बोललो नाही. मी म्हणालो, "काकांनी आवण चोरलं नव्हतं. लावणी संपली असं त्यांना मी सांगितलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं आणि मी नक्की म्हणालो. फोटोही मीच काढला होता. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मी भ्यालो म्हणून गप्प राहिलो. चोर म्हणायचं असेल, तर मला म्हणा." एवढं बोलून मी माइक ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा श्वास पुरा घेता आला.

मांडवात बायका रडत होत्या. मी वाट पाहत होतो की आता कुणीतरी उठेल, माझ्या तोंडावर बोलेल. दादा उठले. डोळे पुसत माझ्याकडे आले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"सर," ते म्हणाले, "मानूस गेला, त्याचं पाप तुमी आपल्या डोक्यावर घेतलंत. एवढं मोठं मन कुनाचं असतं?"

"दादा, मी खरं सांगतोय," मी म्हटलं. "मीच..."

"कळलं, कळलं," म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

घरी येऊन मी सगळी हकिगत ग्रुपवर लिहिली. तारखेसकट, टेंपोसकट, बाहीसकट. उत्तरादाखल जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. 'आदरणीय सर, आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून समाज टिकून आहे.' 'सरांचे संस्कार.' आणि मध्येच कुणीतरी लिहिलं, 'कायपण म्हणा, आवण नेलं होतं हे खरं.' त्यालाही चार अंगठे पडले. मी फोन भिंतीवर आपटणार होतो. आपटला नाही, कारण फुटला असता.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की मुलं परीक्षेत डॉक्टरच का लिहितात. एकदा गोष्ट लक्षात बसली की तुम्ही माइकवरून सांगा नाहीतर फळ्यावर लिहा, लोक तुमचं ऐकतात, मान डोलावतात आणि जुनीच गोष्ट घेऊन घरी जातात. माझ्या नावाला कुणी चिखल लागू देईना आणि काकांच्या नावावरचा कुणी पुसू देईना.

या जुलैत काकीने एकच खाचर लावायचं ठरवलं. मी तीन दिवसांची रजा टाकली. मुख्याध्यापक लावणीला, म्हणून शाळेत थट्टा झाली. काकीने मला आवण उपटायला शिकवलं: रोप मुळाजवळ धरायचं, आधी आपल्याकडे झुकवायचं, मग ओढायचं. पहिल्या दिवशी मी निम्मी मुळं तोडली. रस्त्यावरून लोक जाताना थांबत, 'सर, नमस्कार' म्हणत आणि पुढे जात. खाली कुणी उतरलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ राहिली तेव्हा मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी मीच सांगितलं होतं त्यांना."

"ठाव हाय की," ती कंबर सरळ करत म्हणाली. "मी तिथंच हुते. तुजी बाही मीच पुसली."

ती तिथेच होती, हे मला चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. ती बोलली नाही हे मला बरं वाटत होतं.

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मी निगालेच हुते दादांच्या घरला. चप्पल घातली हुती. त्यांनी हाताला धरून बशिवलं. म्हनले, त्याला पोरांपुढं उभं ऱ्हायाचं असतं. मला भातापुढं उभं ऱ्हायाचं, भात काय इचारत नाय." तिने एक रोप लावलं आणि दुसरं हातात तसंच धरून ठेवलं. "म्हनले, तो येईल. त्याचा तोच सांगंल. आट दिस संध्याकाळी ओसरीवर बसून रस्ता बघीत हुते. तुजी गाडी वाजली की उठायचे. मंग नवव्या दिवशी तू हेडमास्तर झाल्याचं कळलं. म्हनले, नारळ दिऊन ये त्याला."

मी चिखलातच गुडघ्यांवर बसलो. तिने हातातलं रोप माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "लाव. ऊन चढलं."

शेवटचं रोप मी लावलं. रीतीप्रमाणे आता चिखल माखायचा. मी तिच्यासमोर उभा राहिलो, तोंड पुढे करायचा धीर झाला नाही, पण हललो नाही. तिने पाटाच्या पाण्यात हात कोपरापर्यंत धुतले, पदराने पुसले आणि भाकरीचं फडकं सोडलं. आम्ही बांधावर बसून जेवलो. आम्हा दोघांचीही तोंडं कोरडी, स्वच्छ होती.

बारा जुड्या उरल्या होत्या. काकी म्हणाली, "रस्त्याकडच्या बांधावर ठेव. कुनाला लागतील." मी नेऊन नीट मांडून ठेवल्या, मुळं पाण्याकडे करून. गावात यंदा दोन घरांना आवण कमी पडलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यातलं एक घर त्याच रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पाहिलं, जुड्या तशाच होत्या. तिसऱ्या दिवशी शेंडे पिवळे पडले. त्या घरचा माणूस जुड्यांना वळसा घालून, दूध घेऊन गेला. मला पाहून म्हणाला, "नमस्कार सर."

आठव्या दिवशी काकीने त्या उचलल्या आणि म्हशीपुढे टाकल्या.